शोभाताईच्या गाडीतला डावीकडचा बेल्ट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला भगताचा पत्ता द्यायला नको. मी इचोड्यात हायवेला लागून गॅरेज चालवतो. अलाइनमेंट आणि वायरिंग, वीस वर्षं झाली. "बाहेरचं काहीतरी हाय" म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांत मला आजवर तीनच गोष्टी सापडल्या – उंदरानं कुरतडलेली वायर, सैल बोल्ट, आणि खोटं बोलणारा मालक. तिसरा सगळ्यात जास्त वेळा.

ही गाडी माझ्या मोठ्या बहिणीची, शोभाताईची. भाऊजींचा बांगड्या-कटलरीचा धंदा. आठवडी बाजार फिरायचे – आज इचोडा, उद्या नेरडीगोंडा. त्यांनीच हट्टानं ताईला गाडी शिकवली. मागच्या वर्षी भाऊजींच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा घरात गाडी चालवणारी तीच होती. त्यांना शेजारी बसवून ती आदिलाबादला निघाली... दवाखान्याच्या गेटपर्यंत ते पोचले नाहीत.

तेव्हापासून तिचा दीर प्रमोद एकच गाणं लावून बसलाय – दुसरं कोणी गाडीवर असतं तर दादा वाचला असता, वहिनीनं बैलगाडीसारखी नेली. तिनं बाजार सोडून घरी बसावं, गाडी आणि धंदा आपण पाहू, असं त्याचं म्हणणं. ताईनं ऐकलं नाही. तेराव्यानंतर आठ दिवसांत ती एकटी बाजाराला गेली.

आणि मग गाडीनं नाटकं सुरू केली.

नव्या गाड्यांत एक सिस्टिम असते. वळणावर गाडी घसरतेय असं तिला वाटलं की ती आपोआप चाकांना ब्रेक लावते, इंजिनचा जोर काढून घेते आणि समोर पिवळा दिवा लुकलुकतो. ताईच्या गाडीत हे कोरड्या रस्त्यावर, साध्या वळणावर व्हायला लागलं. "गजू, वळणावर गाडी मागं वढल्यासारखी करते रे," ती म्हणाली. "प्रमोदले नको सांगू. तो गाडी काढून घेईन."

हे ऐकून माझा पहिला संशय प्रमोदवरच. आदल्याच आठवड्यात त्यानं गाडी धुवायला नेली होती. मी सरळ त्याच्या दुकानी गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "सेन्सरले हात काऊन लावला?"

"काय बोलून राह्यला गजूभाऊ? मले बोनट उघडता येत नाई," तो म्हणाला. त्याचं तोंड पडलं होतं. मला वाटलं, चोर आहे म्हणून पडलं.

गॅरेजला येऊन गाडीला स्कॅनर लावला आणि माझंच तोंड पडलं. स्टिअरिंग सरळ धरलं तरी मशीन सांगत होतं, चाक वळलेलं आहे. आमच्याकडे एक जुनी सवय आहे. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग जरा तिरकं दिसलं की ते काढायचं आणि आतल्या दांड्यावरचा एक दात सरकवून परत बसवायचं. गिऱ्हाईक खूश. जुन्या गाडीत हे चालून जातं. नव्या गाडीत आतल्या कॉम्प्युटरला नवं "सरळ" शिकवावं लागतं, नाहीतर वळणावर ती गोंधळते. भाऊजी जायच्या थोडेच दिवस आधी त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग मीच सरकवलं होतं, आणि शिकवायचं विसरलो होतो. प्रमोदला चोर ठरवून आलो आणि चोर निघालो मी. लाज वाटली, पण खरं सांगतो, तेव्हा मी कुणाला बोललो नाही. गुपचूप सेटिंग केलं, ताईच्या शेजारी बसून नेरडीगोंड्यापर्यंत जाऊन आलो. एकदाही दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. परत तेच.

चाकांचे सेन्सर पाहिले, टायर बदलून पाहिले, गाडीचं वळणं मोजणारा कन्सोलखालचा सेन्सर काढून घट्ट बसवला. मी शेजारी असलो की गाडी गुणी. ताई एकटी असली की पिवळा दिवा. मग मला ताईचाच संशय यायला लागला. वेगात मारत असेल, मागे माल जास्त भरत असेल. नाहीतर एकटीनं जायची भीती वाटते आणि कबूल करवत नाही, म्हणून गाडीच्या नावानं सांगत असेल. सख्ख्या बहिणीबद्दल असा विचार केला, काय सांगू.

तेवढ्यात प्रमोदलाही कळलं. बाजारातल्या कुणीतरी त्याला सांगितलंच. त्यानं निरोप धाडला – गजूभाऊनं गाडी फिट आहे म्हणून सांगावं, नाहीतर रविवारी मी घेऊन जातो.

शनिवारी सकाळी दहाच्या उन्हात मी ताईला एकटीला पुढे काढलं. स्कॅनर रेकॉर्डिंगवर गाडीत लावून ठेवला आणि मोटारसायकलवर मागे राहिलो. हायवे सोडून कापसाच्या शेतांमधून आत जाणारा रस्ता. पहिल्याच वळणावर मागचे लाल दिवे पेटले, गाडी दबकली. दुसऱ्या वळणावर पुन्हा. मी पुढे जाऊन हात करून तिला थांबवलं.

मशीन पाहिलं. वेग चाळीसच्या आत. स्टिअरिंग बरोबर, चारही चाकं सारखी, घसरण शून्य. ब्रेक लावायचं एकही कारण नाही, तरी सिस्टिमनं ब्रेक लावलेला. आणि खाली एक ओळ होती, जी मी इतक्या दिवसांत कधी पाहिलीच नव्हती. पुढची डावी सीट : माणूस बसलेला. बेल्ट : लावलेला.

मी खिडकीतून आत पाहिलं. सीट रिकामी. पिशवी नाही, गाठोडं नाही. आणि रिकाम्या सीटवरून बेल्ट नीट खोचलेला.

"ताई, हा बेल्ट कोणी लावला?"

"मीच. नाई लावला तर टूं टूं वाजत राह्यते ना."

"कवापासून?"

"ते गेल्यानंतर पयल्यांदा गाडी काढली, तवापासून. मले वाटलं, बिघाड असन. तुले काय सांगाव एवढ्याशासाठी."

शेजारच्या सीटवर कुणी बसलेलं असेल तरच तो आवाज येतो. तिनं मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मशीनवरचं तिला वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता आलं असावं.

"गजू, त्या दिवशी ते हरेक वळणावर म्हणत होते, शोभा, हळू घे. दुखायचं त्यायले हिसका बसला की. मी हळू घेतली. प्रमोद म्हणते ना, बैलगाडीसारखी नेली... मले रात्रंदिवस तेच वाटते. वेगात घेतली असती तर?" तिनं रिकाम्या सीटवरचा बेल्ट सरळ केला. "त्यायले राग असता, तर हळू घे काऊन म्हणले असते अजून?"

मी तिच्या दाराशी रस्त्यावरच बसलो आणि वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली.

त्याच दिवशी प्रमोदकडे गेलो. त्याच गिऱ्हाइकांसमोर माफी मागायची होती, ती नव्हती, तर दुसऱ्या चौघांसमोर मागितली. स्टिअरिंगचा एक दात मीच सरकवला होता, हेही सांगितलं. म्हणालो, "गाडी फिट हाय. ताईच चालवन." भाऊजींना त्या दिवशी ताईनं हळू का नेलं तेही सांगितलं. तो खाली मान घालून काउंटर पुसत राहिला. रविवारी आला नाही.

माणूस बसलाय का ते ओळखणारा सीटखालचा सेन्सर मी नवा टाकला. तीन दिवसांत ताईचा फोन, परत टूं टूं. म्हटलं, बेल्ट लाव आणि जा.

ज्यांना विज्ञान सांगायचंय त्यांनी खुशाल सांगा. गोंधळलेली वायर, उन्हानं फुगलेला फोम, काहीही. मी स्वतः अजून शोधतोय. फक्त एक लक्षात घ्या. त्यानंतर एका दुपारी मी ती गाडी एकटाच काढली, डावी सीट रिकामी, बेल्ट न लावता. आवाज नाही. त्याच दोन्ही वळणांवर मुद्दाम साठच्या वर घेतली, टायर किंचाळले. पिवळा दिवा लागला नाही. मला हळू घे म्हणायला शेजारी कुणीच नव्हतं.