वीतभर जाडीचे बस्ते
बस्ते बांधायच्या लाल जाड्याभरड्या कापडाचा, नव्या खारव्याचा वास आला की सौंसरच्या तहसील कचेरीतली रेकॉर्डाची खोली आठवते. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं नि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, त्या वर्षी मी तिथे नवा कारकून होतो. म्हातारा दफ्तरी एका गावाचे सगळे कागद एकाच जाड बस्त्यात बांधायचा. तो सोडायला वेळ लागे, म्हणून मी हट्टाने त्याला वीतभर जाडीचे लहान बस्ते बांधायला लावले. कागद झटपट निघू लागले, साहेबांनी माझी पाठ थोपटली. मग मोहगावची एक बाई आपल्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीचा कागद मागायला आली. मी एक बस्ता चाळून नाही म्हटलं. “आहे जी कागद,” म्हणत ती तीनदा पायी आली आणि चौथ्यांदा थेट साहेबांकडे गेली. दफ्तरीने शेजारचा बस्ता सोडला. माझ्या वीतभर मापापायी तिची मिसल, म्हणजे प्रकरणाची फाईल, मधोमध तुटून अर्धी त्यात गेली होती. साहेब दफ्तरीवरच कडाडले. माझ्याकडे एकदा बघून तो म्हणाला, “बांधतानी सुटली असन साहेब, हात थरथरून राहिले माये.” मी मिसलीचे दोन्ही तुकडे जोडायला घेतले. संध्याकाळी त्याने रोजच्यासारखा चहा आणून दिला नि मी तो प्यालो. आता माझेही हात थरथरतात. त्या दिवशी मात्र त्याच्या हातातला कप जराही हलला नव्हता.