नैवेद्याला न लागलेले मोदक

"वहिनींनी कशाला त्रास घेतला? नैवेद्याचे झालेत. हे तिकडे ठेवा."

नैवेद्याचं बघणाऱ्या काकूंचं 'तिकडे' म्हणजे कचऱ्याच्या पिंपाशेजारी. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाचा गणपती. बायको बाहेर लेकीचे केस विंचरत होती, म्हणून मोदकांचा ट्रे मी आत नेला होता. आम्ही दलित आहोत, ही बातमी कुणीतरी नागपूरहून आणली होती.

मी वळलो तशा काकू दुसरीला म्हणाल्या, "इंजिनियर झाले, घर घेतलं. पण देवाला कसं फसवणार?" दोघी हसल्या. मीही हसलो. कुणी मोदकांना हात लावला नाही. मी ते पिंपात ओतले आणि रिकामा ट्रे बायकोला दिला.

"संपले."

ती खुलली. पुढच्या वर्षी तिने जास्त केले. मी तेही ओतले. दरवर्षी.

आमच्या लोकांच्या सभांत मी हा अपमान सांगत आलो. माझा म्हणून. टाळ्या घेतल्या. मोदक कुणी केले होते, ते सांगितलं नाही.

लेक आता विद्यापीठात शिकवते. काळ्या स्त्रियांचं लेखन वाचून ती घडली. वंशाच्या लढ्यात पुरुष बोलले, स्त्रियांच्या लढ्यात गोऱ्या बायका; मग दोन्हीकडून मार खाणारीचं कोण ऐकणार, हा त्यांचा सवाल. तो आज वर्गात आहे, मोर्चात आहे. लेकीने तो आमच्या घरात आणला. आईसमोर रेकॉर्डर ठेवला. पुस्तकासाठी. आईचे शब्द हाच पुरावा.

बायको म्हणाली, "इथे जात नाही बाई जाणवली. मंडळात माझ्या मोदकांवर उड्या पडायच्या."

माझं खोटं तिची साक्ष म्हणून छापलं जाणार होतं.

मी सगळं सांगितलं. रेकॉर्डर चालूच होता.

बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "देवापुढे ठेवले नाहीत, ते त्यांनी. पिंपात कुणी टाकले?"

"मी."

"आणि दरवर्षी मला नारळ कोण आणून देत होतं?"

"मी."

लेक म्हणाली, "बाबा, आय हॅव टु राइट धिस."

"लिही," बायको म्हणाली. "ह्यांचं नाव घालून लिही. आणि यंदा सभेत मी बोलणार. तुम्ही समोर बसा."

मी बसणार आहे. पहिल्या रांगेत. ती बोलेल ते सगळं ऐकेन, मान वर ठेवून. मान खाली घातली की लोकांना दया येते. ती मी घेणार नाही.