वाढत्या अंगाचा हिशेब

लेक नोकरीसाठी परदेशी गेली आणि टेलरकाकूंचं तिच्याशी फोनवरचं बोलणं आटत चाललं. जेवलीस का, थंडी आहे का, बरं, ठेवते. मग लेकीने आईच्या शिलाईच्या पैशातून थोडे शेअर घेऊन दिले आणि रविवारचा फोन लांबला. शेअर महाग की स्वस्त, हे ती आईला शिकवू लागली. आधी शेअरच्या भावाला एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याने भागायचं. आलेल्या उत्तराला नफावाढीच्या टक्क्यांनी भागायचं. एकाच्या आत आलं तर भाव रास्त, फार वर गेलं तर हात आखडता घ्यायचा.

काकूंना ते दुसऱ्याच रविवारी उमगलं होतं. पण तसं सांगितलं तर शिकवणी संपणार! म्हणून देवाची मनोमन माफी मागून त्या दर वेळी मुद्दाम चुकत.

आजही मशीनवरचा झगा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "भाव तीनशे, नफा पंधरा, म्हणजे वीसपट. वाढ पंचवीस टक्के. उत्तर ऐंशी आलं गं!"

"ऐंशी? अगं आई, तू पंचवीसऐवजी पावाने भागलंस! टक्के नुसते पंचवीस घे. शून्य पूर्णांक आठ."

"बाई बाई, माझ्या डोक्यात शिरेल तर शपथ."

"राहू दे. मी एक ॲप पाठवते. ते सगळं आपोआप काढतं. माझी गरजच नाही."

म्हणजे शिकवणी संपलीच. काहीतरी विचारायला हवं होतं.

"पण पंचवीस टक्के वाढ होईल, हे त्या ॲपला कुणी सांगितलं?"

"अंदाजच तो. पुढचं कुणाला दिसतंय? तू नाही का माझे झगे वाढत्या अंगाचे शिवायचीस? मी किती वाढेन, ते तुला कसं कळायचं?"

"तू रोज डोळ्यांसमोर होतीस ना." काकू बोलून गेल्या. "आता तुझं मापसुद्धा मला ठाऊक नाही."

मग लेक हळूच म्हणाली, "आई, कापडाचा हिशेब तू तोंडी करतेस. तुझा भागाकार कसा गं चुकतो?"

काकू बाजूला सारलेला झगा उगाच पुन्हा पुढे ओढू लागल्या.

"ॲप नाही पाठवत. थांब, टेप आणते. खांद्यापासून सांगू?"

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि खडू उचलला.

"सांग. पण सावकाश सांग."