पेन्सिलीचा ठिपका

प्राणिसंग्रहालयाच्या सर्पगृहामागे एक अरुंद, बिनखिडकीची खोली आहे. टेबलावर प्लास्टिकचा डबा, त्यात ओलसर भुसा आणि भुशात धामणीची सतरा अंडी. प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीचा ठिपका. धामण खोदकामाच्या यंत्राखाली सापडली होती. इथे आणल्यावर तिने अंडी घातली आणि तिसऱ्या दिवशी मेली.

अंडी सांभाळणारे गृहस्थ साठीला टेकलेले. इथे येण्याआधी एकतीस वर्षं ते कोंबडीची अंडी उबवायच्या केंद्रात होते. तिथे अंडी दिवसातून चार-पाच वेळा हाताने फिरवायची, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. सापाचं नेमकं उलटं. त्याचा जीव कवचाला धरूनच वाढतो. अंडं फिरलं तर मरू शकतो. म्हणून ठिपका. तो कायम वर दिसला पाहिजे.

तिकीट खिडकीवरचा कारकून येता-जाता विचारायचा, “काय कोंबडीवाले, यातून कोंबडी निघाली तर तंगडी कुणाची?”

“तुझीच. पण साप निघाला तर तो तुझी तंगडी धरेल.”

नवव्या दिवशी सकाळी हवा लागावी म्हणून त्यांनी झाकण काढलं होतं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अहो, डबा विसरलात.”

“डबा माझ्यासमोर आहे.”

“तो नव्हे, जेवणाचा! त्या अंड्यांपुढे भूक तरी लागते का तुम्हाला?”

ते हसले, बोलत राहिले. फोन ठेवून पाहतात तर पुढच्या रांगेतल्या चार अंड्यांवर ठिपके नाहीत. डाव्या हाताने आपलं जुनं काम उरकलं होतं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. गुपचूप परत फिरवली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टर मॅडमना बोलावलं.

“किती वेळ झाला?”

“पाच मिनिटं. माझ्याच हातून झालं.”

मॅडमनी दोन बोटांनी एकेक अंडं सावकाश पहिल्यासारखं केलं. “काका, जगतील की नाही ते आज नाही सांगता येणार.”

गृहस्थांनी पेन्सिल घेऊन त्या चार ठिपक्यांभोवती गोल काढले.

“एकतीस वर्षांचा हात,” रात्री जेवताना बायको म्हणाली. “त्याला काय नोटीस देणार?”



महिनाभरात गोलातली तीन अंडी पिवळी पडली, खचली, त्यांना बुरशी आली. एकेक करून त्यांनी ती स्वतः उचलली. बासष्टाव्या दिवशी पहिलं कवच चिरलं आणि दोन दिवसांत तेरा पिल्लं बाहेर आली. गोलातलं चौथं अंडं तसंच होतं. सहासष्टाव्या दिवशी त्यावरही बारीक चीर दिसली. चिरेतून नाकाचं टोक आलं, जीभ हलली. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “तीन गेली.”

पुढच्या हंगामात डब्यात दुसरी अंडी आली. कारकून दारात डोकावला.

“कोंबडीवाले, एका हातानेच झाकण काढताय? डाव्या खिशात काय लपवलंय?”

“हात,” ते म्हणाले.