फेर्मिन न्हाव्याचं रडणं

फेर्मिन न्हाव्याइतकं झकास खोटं रडणारा माणूस आमच्या सान रोकेत दुसरा झाला नाही. हे मी पूर्वी परगावात छाती फुगवून सांगायचो. आता सांगताना मान खाली जाते, पण त्याची गोष्ट सांगायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

चौकात चर्चला लागून त्याचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, आणि भिंतभर आमच्या कार्बोनेरोसचे फोटो. कार्बोनेरोस म्हणजे कोळसे पाडणारे. आमचे आजे-पणजे खाजणात तोच धंदा करायचे, म्हणून बेसबॉलच्या संघालाही तेच नाव. फेर्मिनला ना बायको ना पोर. संघातल्या प्रत्येक पोराचं जावळ मात्र त्यानेच काढलेलं, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी ती पोरं त्याच्याच खुर्चीत बसायची. मी गावच्या बेकरीत भट्टीवर. आम्हा दोघांची स्टेडियममधली जागा तिसऱ्या बेसच्या मागे, खांबाला लागून. तीस वर्षं तिथे बसून आम्ही घसा फोडला.

आमच्या भागात रीत आहे. हंगाम संपला की जिंकलेल्या गावाने हरलेल्या संघाची प्रेतयात्रा काढायची. फळ्यांची शवपेटी, पुढे ट्रम्पेट आणि ढोल, मागे छाती पिटणारी विधवा. विधवा नेहमी पुरुषच. हरलेल्यांचा जो मुख्य दोषी, त्याच्या दारापुढे पेटी ठेवून एकदा जोरात रडायचं, आणि मग ती धक्क्यावरून समुद्रात ढकलायची. आमची विधवा फेर्मिन. काळा झगा, तोंडावर काळी जाळी, ओठ लालभडक, आणि झग्याखाली दुकानातले पांढरे बूट.

त्याची खरी कला होती शब्दांत. गावात कुणी गेलं की पहिला फेर्मिन हजर. मेलेल्याची शेवटची दाढी तोच करायचा, आणि खरोखर डोळे पुसत करायचा. पण कान उघडे असायचे. बायका काय काय म्हणून रडतात ते सगळं त्याच्या डोक्यात जाऊन बसायचं, आणि पुढे कधीतरी प्रेतयात्रेत बाहेर यायचं. "अरे, हे तर पेत्राचं!" असं कुणीतरी ओरडायचं, आणि खुद्द पेत्रा पोट धरून हसायची. त्याचा एक नेम होता. वर्षाच्या आतलं दुःख घ्यायचं नाही. "ओलं आहे गड्या, वाळू दे," असं म्हणायचा.

त्या वर्षी आम्ही हरायला लागलो आणि हरतच राहिलो. ओळीने सोळा सामने. शेजारच्या गावची माणसं बेकरीत येऊन मला विचारायची, "काय वेनान्सिओ, पाव तरी फुगतो का तुमच्याकडे?" मी पिशवी हातात आपटून द्यायचो. स्टेडियममध्ये आम्ही आधी दुसऱ्यांना शिव्या घालायचो, मग पंचाला, आणि शेवटी स्वतःच्याच पोरांना. त्यातही जास्त अर्सेनिओला.

अर्सेनिओ बावीस वर्षांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा त्याची, म्हणजे आमच्या अगदी नजरेसमोर. त्याचा बाप ओविदिओ सात महिन्यांपूर्वी गेला होता. तेव्हापासून पोराचे हात जड झाले होते हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण सोळा पराभवांनंतर माणूस दिसतं ते बघत नाही.

सतराव्या सामन्यात शेवटच्या डावापर्यंत आम्ही एका धावेने पुढे होतो. शेवटचा गडी बाद व्हायचा होता. एक साधा सरपटता चेंडू अर्सेनिओकडे आला. तो वाकला, आणि चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून मागे निघून गेला. त्यांच्या दोघांनी धावत धावा पुऱ्या केल्या. संपलं.

आणि तेव्हा मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही, मीच. "पुरा यांना! हंगाम संपायची वाट कशाला बघता? आजच पुरा!"

लोकांना तेवढंच हवं होतं. आपलाच संघ आपणच पुरायचा, तेही हंगामाच्या मध्यात, हे कधी कुणी ऐकलं नव्हतं. गेल्या वर्षीची पेटी सुताराने आमच्यासाठी आधीच बनवून ठेवली होती, जिंकू या आशेने. ती तशीच नवीकोरी पडून होती. ती बाहेर निघाली.

फेर्मिन तयार नव्हता. "आपल्या माणसाला कोण पुरतं रे? हा काही खेळ नाही."

"सरळ सांग ना, वय झालं," मी म्हणालो. "डोळ्यांतलं पाणी आटलं असेल तर तसं सांग. माझी आजी रडेल तुझ्याऐवजी, ती नव्वदीतही तुझ्यापेक्षा बरी रडते."

सगळे खो खो हसले. फेर्मिनचा चेहरा लाल झाला. तो दुकानात गेला आणि झगा घालून बाहेर आला. माणसाला त्याच्या कलेवरून डिवचलं की तो काहीही करतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच डिवचलं.

भर दुपारी चार वाजता आम्ही निघालो. पेटीत एक मोजा आणि फाटका ग्लोव्ह. पुढचा डावा खांदा माझा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक ओसरीवर येऊन टाळ्या पिटत होते. फेर्मिन सुरुवातीला नुसताच पाय ओढत होता, पण टाळ्या ऐकल्या आणि गडी रंगात आला. केस उपटले, भिंतीवर कपाळ आपटलं, पाववाल्या बाईच्या गळ्यात पडला. अर्सेनिओचं घर आलं. रीतीप्रमाणे पेटी आम्ही दारापुढे ठेवली. ढोल थांबला.

फेर्मिनने पेटीवर अंग टाकलं आणि हंबरडा फोडला, "गेलास रे! मला टाकून गेलास! आता पोरगा खेळेल तेव्हा मला खेळ समजावून कोण सांगणार?"

मागे दोघं-तिघं हसले. मग तेही थांबले.

ते वाक्य एमेलिनाचं होतं. अर्सेनिओच्या आईचं. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ओविदिओ रेडिओ लावून बसायचा आणि तिला एकेक गोष्ट सांगायचा, आता पोराने चेंडू झेलला, आता फेकला, आता लोक त्याच्यासाठी उभे राहिलेत. सात महिन्यांपूर्वी कब्रस्तानात ती हेच म्हणून रडली होती, आणि आम्ही सगळे टोप्या काढून तिथे उभे होतो. फेर्मिनच्या तोंडून ते मुद्दाम आलं नाही. त्या दाराने ते त्याच्या तोंडातून ओढून काढलं. वर्ष उलटलं नव्हतं. नेम मोडला होता. तो पेटीवरून उठेना.

दार उघडलं. एमेलिना बाहेर आली, खऱ्या काळ्या कपड्यांत. तिने पेटीकडे बघितलं, फेर्मिनच्या झग्याकडे बघितलं, आणि आत गेली. आम्हाला वाटलं, आता झाडू घेऊन येणार. आली असती तर आम्ही वाचलो असतो.

ती कॉफी घेऊन आली. आमच्याकडे दारात मयत थांबलं की घरातल्यांनी माणसांना कॉफी द्यायची असते. चांगल्यातले, सोनेरी काठाचे कप. आणि ट्रे धरून मागे अर्सेनिओ, अजून मैदानातल्या धुळीने भरलेल्या कपड्यांत. तो एकेकापुढे ट्रे धरत होता. मी कप घेतला. न घेऊन करतो काय?

एमेलिना माझ्यापुढे उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "वेनान्सिओ, मला काही कळत नाही यातलं. तुला कळतं. तेवढं समजावून सांग. माझ्या पोराने काय केलं, म्हणून तुम्ही त्याला पुरायला आणलंय?"

मी काय सांगणार? चेंडू पायांतून गेला? चाळिशी उलटलेली बारा माणसं एका चेंडूसाठी शवपेटी खांद्यावर घेऊन विधवेच्या दारात आली आहेत, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? "काही नाही केलं, वहिनी," एवढंच म्हणालो.

"मग कॉफी घ्या आणि जा," ती म्हणाली.

पेटी आम्ही मागच्या गल्लीने परत नेली.

फेर्मिनने चार दिवस दुकान उघडलं नाही. मी जाऊन दार ठोठावलं तर आतून म्हणाला, "जा वेनान्सिओ. तुझ्यावर राग नाही. तू म्हणालास, पण रडलो मी." यापेक्षा त्याने मला मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. नंतर तो एमेलिनाकडे माफी मागायला गेला. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, तब्येत विचारली, आणि त्या दिवसाचा विषय काही काढू दिला नाही. तो तसाच परत आला.

शनिवारी अर्सेनिओ केस कापायला आला. मी तिथे पेपर वाचायचं सोंग करत होतो. पोरगा खुर्चीत बसला, मान पुढे केली. फेर्मिनचा वस्तरा मानेपाशी थांबला, पुढे सरकेना.

"कापा काका," अर्सेनिओ म्हणाला. "गावात दुसरा न्हावी कुठे आहे?"

"तू खेळणार आहेस उद्या?"

"खेळणार." मग आरशात आमच्याकडे बघत म्हणाला, "एक सांगू का? मधल्या बुधवारी आपला सामना होता. तुम्ही सगळे आला होतात, पण कुणाचा आवाज नाही. मी एक चेंडू चांगला अडवला, तरी नाही. मी दुसरा सोडला, तरी नाही. तुम्ही गप्प बसलात की मला वाटतं मी खरंच त्या पेटीत आहे. शिव्या घाला काका. वेनान्सिओकाका, तुम्ही पण. नेहमीसारख्या घाला. पण ओरडा."

फेर्मिनने मान हलवली. मीही हलवली. शब्द दिला.

रविवारी आम्ही खांबाला लागून बसलो. तिसऱ्या डावात अर्सेनिओने आडवी उडी मारली, जमिनीलगत चेंडू पकडला, आणि गुडघ्यांवरूनच फेकून गडी बाद केला. असली झेप मी तीस वर्षांत दोनदाच पाहिली असेल. फेर्मिन उठून उभा राहिला. मीही उठलो. त्याने तोंड उघडलं. तीस वर्षं गावाला ऐकवलेला तो आवाज आता येईल म्हणून सगळी गॅलरी त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. माझ्याही घशातून नाही, कुणाच्याच नाही.

अर्सेनिओने कपड्यांवरची धूळ झटकली आणि आमच्याकडे बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा बघितलं. त्यानंतर उरलेल्या सामन्यात त्याने आमच्याकडे बघितलं नाही.