विहिरीवरून वाचलेली मुखपृष्ठं

मुलाचा फोन आला तेव्हा मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. सकाळचे दहा वाजले असतील. तो म्हणाला, "आई, काका गेले." मी म्हटलं, "बरं." मग सुपातली उरलेली आमसुलं पसरली, वर जाळी टाकली, हात धुतले आणि लुगडं बदलायला आत गेले. शेजारणीला ते खटकलं. दीर गेला तरी हिचे हात थांबले नाहीत, असं ती नंतर कुणाजवळ तरी म्हणाली. नाही थांबले. उन्ह फुकट गेलेलं मनोहर भावोजींनाही चाललं नसतं. ऐंशीला टेकलेला माणूस, चार दिवस इस्पितळात होता. आदल्या संध्याकाळी मला विचारलं, "वहिनी, ह्या कपावर काय छापलंय हो?" मी म्हटलं, "गुलाब." तर म्हणाले, "इस्पितळात गुलाब कशाला? कुणी विचारत कसं नाही ह्यांना!" आणि झोपले. यात रडण्यासारखं मला काही सापडलं नाही. सांगण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. मी चौथी शिकलेली आहे. शुद्धलेखन नातीने तपासलंय, वाक्यं माझी आहेत.

भावोजी रत्नागिरीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पुस्तकांची मुखपृष्ठं करायचे. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. स्वभावाने सोपे नव्हते. आमटीत मीठ कमी पडलं तर बोलायचे नाहीत, पण भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं असलं तर जेवण सोडून उठायचे. मुलगा झाला त्या वर्षी मी एकदा विहिरीवर पाणी शेंदत होते. बघते तर पडवीतल्या दोरीवरचे माझ्या मुलाचे लंगोट बाजूला सारून भावोजींनी तिथे चिमट्याने एक कागद अडकवलेला. मी तिथूनच ओरडले, "माझं धुणं काढून काय लावलंत ते?" ते म्हणाले, "तिथेच थांबा. काय लिहिलंय ते वाचा." मला वाटलं, माझी चौथी काढतात. मीही हट्टाला पेटले. एकेक अक्षर लावत वाचायला घेतलं, दोन शब्द वाचले, तिसऱ्यावर अडकले. "पुढचं नाही लागत," म्हटलं. त्यांनी कागद काढला, उभा फाडला आणि आत निघून गेले... मला वाटलं, रागावले. दोन दिवसांनी नवा कागद दोरीवर. ह्या वेळी तिन्ही शब्द मी घागर खाली न ठेवता वाचले.

पुढे एकदा मी विचारलं, की शाळेत एवढे शिकलेले मास्तर आहेत, त्यांना का नाही दाखवत? ते म्हणाले, "शिकलेला माणूस अक्षर बघतच नाही, वहिनी. अर्ध्यावरून ओळखतो आणि पुढे पळतो. तुम्ही बघता." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तेव्हापासून विहिरीच्या कडेचा तो सपाट चिरा माझी जागा झाला. दोरीपासून सतरा पावलं. पुण्यामुंबईच्या प्रकाशकांनी पसंत केलेली मुखपृष्ठंसुद्धा त्या चिऱ्यावरून नापास झाली आणि मधोमध फाटली. जाड, गुळगुळीत कागद टाकवत नसे, म्हणून मी ते स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली घातले. त्यांची चांगली मुखपृष्ठं वाचनालयांत आहेत. फसलेली सगळी माझ्याकडे आहेत.

नुसतं वाचून मात्र भागायचं नाही, चित्राबद्दलही बोलायला लागायचं. एकदा त्यांनी एक आंबा काढला होता, एकटाच, पांढऱ्यावर. रंग असा उतरला होता की वास यावा. मी म्हटलं, "हा पडलेला आंबा आहे." ते चिडले. "कशावरून?" म्हटलं, "देठ कुठे आहे? झेल्याने, जाळीच्या काठीने, काढलेल्या आंब्याला देठ ठेवतात. बिनदेठाचा म्हणजे आपटलेला. तो पेटीत कोण भरतो?" भावोजींनी कागद परत जवळ ओढला. मग म्हणाले, "वहिनी, हे पुस्तक गावाने हाकलून दिलेल्या माणसाचं आहे." आणि त्यांनी देठ काढलाच नाही. उलट खालच्या बाजूला बारीकसा काळा डाग दिला, मार लागल्याचा. त्या दिवशी मला त्यांची गोम कळली. ते म्हणायचे, चित्र चुकलं तरी चालेल, पण पुस्तकाला विचारून चुकलं पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. काचबिंदू. कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. चिमटा दोरीच्या वर हवेतच लावताना मी पाहिलं आणि विचारलं, तेव्हा कबूल झाले. त्याच महिन्यात गावातल्या एका वाचनालयाचं पत्र आलं. मुखपृष्ठांची स्पर्धा होती, नव्या मुलांसाठी. तीन परीक्षकांत भावोजींचं नाव. मी म्हटलं, "नाही म्हणून कळवा." तर पोरासारखं तोंड करून बसले. "वहिनी, एकदा कळलं की मनोहरला दिसत नाही, तर परत कुणी माझं मत विचारणार नाही. जिवंतपणी निकालात निघेन मी. तुम्ही चला बरोबर." मी स्वच्छ सांगितलं, "मी खोटं बोलणार नाही हं." ते म्हणाले, "खोटं कुठे बोलायचंय? विहिरीवर बोलता तसं बोला."

गेलो रिक्षाने. दुसरे परीक्षक पुण्याचे एक प्राध्यापक होते आणि तिसऱ्या मुंबईच्या, जाहिरातीतल्या एक बाई. खुर्च्यांवर पन्नासेक माणसं, भाग घेतलेली मुलंमुली. प्राध्यापकांनी मला बघून विचारलं, "सर, तुमच्या वहिनीही परीक्षक आहेत का?" भावोजी म्हणाले, "छे. त्या वाचक आहेत. आपल्या तिघांत तोच कमी होता." दुपारपर्यंत काटछाट होत होत दोन मुखपृष्ठं उरली. प्राध्यापकांचं मन पहिल्यावर बसलं होतं. लाल आभाळ, समुद्र, होडी, सोनेरी अक्षरं. भावोजींनी मला दारात उभं केलं. "वहिनी, वाचा."

"होडी दिसते," मी म्हटलं. "नाव नाही लागत."

"सुलेखन आहे ते, आजी," प्राध्यापक म्हणाले.

"असेल. मला वेलबुट्टी वाटली." मग जवळ जाऊन पाहिलं आणि मला राहवेना. माझा बाप होडीवर तांडेल होता, सगळे खलाशी त्याच्या हाताखाली. "शीड वाऱ्याने फुगलंय, आणि पुढून नांगराचा दोर ताणून पाण्यात गेलाय. ह्यांना जायचंय की थांबायचंय?"

"ते प्रतीक आहे. मनाची ओढाताण."

भावोजींनी शांतपणे विचारलं, "पुस्तक कशाचं आहे हो?"

प्राध्यापकांनी उलटून मागचा मजकूर बघितला. "म्हणजे... किनाऱ्यावरची राहण्याची ठिकाणं, माशांचे पदार्थ, कुठे काय खावं..."

"मग ओढाताण कुणाची? जेवायला बसलेल्याची?"

हॉल हसला. प्राध्यापकांचा चेहरा उतरला आणि ते नको तिथे बोलले. "सर, राग मानू नका, पण सकाळपासून तुम्ही स्वतः एकही मुखपृष्ठ पाहिलेलं नाही. सगळं ह्यांना विचारताय. तुम्हाला दिसतंय ना?"

ज्या गोष्टीला हा माणूस भीत होता ती पन्नास लोकांसमोर येऊन उभी राहिली होती. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होते, तेवढ्यात भावोजी काठी टेकून उठले. "नाही दिसत," म्हणाले. "सहा महिने झाले. धुकं दिसतं नुसतं. पण साहेब, तुम्हाला दिसत असून नांगर दिसला नाही. आता दुसरं बघू या. वहिनी, सांगा."

मी परत दारात गेले. माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. "मिठागरातली सात वर्षं. जाड, पांढरी, सरळ अक्षरं, तळाला. वरचा भाग मोकळा सोडलाय. मध्ये एक टाच आहे, भेगा पडलेली. बाईची."

"बाईची कशावरून?"

"घोट्यावर पैंजणाचा वळ आहे. पैंजण नाही, नुसता वळ."

"म्हणजे पोटासाठी मोडलेलं असणार," भावोजी म्हणाले. मुंबईच्या बाई खुर्चीवरून उठल्या, चालत माझ्याजवळ दारात आल्या आणि तिथून दोन्ही मुखपृष्ठं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या बरोबर सांगताहेत. माझं मत टाचेला." दोन विरुद्ध एक. खरं म्हणजे तीन विरुद्ध शून्य, कारण प्राध्यापकही शेवटी उभे राहून टाळ्या वाजवत होते. मोठेपणा होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. ते मुखपृष्ठ करणारी मुलगी राजापूरची निघाली. जुलेखा नाव. टाच तिने आपल्या आजीची बघून काढली होती. भावोजींच्या पाया पडायला आली तर ते म्हणाले, "माझ्या नको. ज्यांनी वाचलं त्यांच्या पड." मी तिला मध्येच धरली. कंबर दुखते माझी, वाकून उठवायला जमत नाही.

आता गंमत ऐका. लोकांना कळलं की मनोहर सरांना दिसत नाही, आणि त्यानंतरच आमच्याकडे रीघ लागली. मालगुंडहून, चिपळूणहून, एकदा तर थेट कोल्हापूरहून मुलं मुखपृष्ठं घेऊन यायची. मी चिऱ्यावरून ओरडायची, भावोजी पडवीत डोळे मिटून ऐकायचे आणि एक प्रश्न असा विचारायचे की पोरगं आपला कागद आपणच दोरीवरून काढायचं. डोळे असताना त्यांना जेवढं विचारलं गेलं नाही, तेवढं ह्या तीन वर्षांत विचारलं गेलं. निकालात निघायला भीत होते म्हणे!

मागच्या आठवड्यात जुलेखा एसटीने आली. मला वाटलं, भेटायला आली असेल, रडेल, म्हणून आधीच चहा टाकला. ती रडली नाही. पिशवीतून गुंडाळी काढली, दोरीवरचे माझे टॉवेल बाजूला सारले आणि दोन चिमट्यांनी नवं मुखपृष्ठ लावलं. म्हणाली, "आजी, जा ना विहिरीवर." गुडघे कुरकुरत होते, तरी गेले. चिऱ्यावर उभी राहिले. पडवीतली खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे मी बघितलं नाही, कागदाकडे बघितलं. वरची ओळ खणखणीत लागली. चित्र छान होतं. खालची ओळ हिरव्यात बुडाली होती.

"खालचं नाही लागत," मी ओरडले.

"बघा ना जरा, आजी! चार रात्री बसलेय त्यावर."

"चाळीस बस. नाही लागत."

पोरीने एकदा खुर्चीकडे पाहिलं, कागद काढला आणि उभा फाडला, सरळ, मधोमध, भावोजी फाडायचे तसा. मग दोन्ही तुकडे माझ्या हातात देऊन हसत म्हणाली, "पुढच्या रविवारी येते." कागद चांगला जाड होता. मिठाच्या बरणीखालचा जुना कुजला होताच, तो काढून हा घातला.