यादीत नसलेलं घर: सांगली ते बेंगळुरू आणि परत

अण्णांना गाडीत बसवून सांगलीला आणायचंच, हे मी पोळ्या लाटता लाटता ठरवलं आणि नवऱ्याला, अविनाशला, सांगून टाकलं. अण्णा म्हणजे अविनाशच्या आत्याचे यजमान. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर सगळं कन्नड. फुप्फुसाच्या दुखण्यानं त्यांना पार वाळवून टाकलंय. आता ऑक्सिजनचं मशीन दिवसभर त्यांच्या खुर्चीशेजारी चालू असतं. आणि घर कुठे, तर हेब्बाळच्या पुढे, एका तळ्याच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर! फोनवर आत्या म्हणाल्या, "पाऊस वाढला की करंट काढतात गं. मग मला धडधडतं." बस्स, मला तेवढं पुरलं.

नव्या वाचकांसाठी सांगते, आमच्या गल्लीची पूर समिती मी चालवते. नदी वाढायला लागली की कुणाची आजी कुठे हलवायची, कुणाच्या म्हशी कुठे बांधायच्या, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. नम्रपणा मला जमत नाही. काम चांगलं करते, तर करते म्हणते. अविनाश म्हणाला, "म्हणजे तळ्याच्या पाण्यातून काढून नदीच्या पाण्यात न्यायचं?" मी म्हटलं, "आपल्याकडे व्यवस्था आहे, त्यांच्याकडे काय आहे?" तो टायरमधली हवा बघायला गेला.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. कोल्हापूर बाहेरून टाकून कागलला आलात की पुढे सरळ हायवे आहे, चुकायची सोय नाही. मध्ये मध्ये रुंदीकरणाची कामं आणि वळसे आहेत, तेव्हा बारा तास धरा आणि तेराव्यात चिडू नका. फास्टॅग भरून ठेवा, नाके बरेच लागतात. बेळगावात नाश्ता केला, धारवाडला पेढे घेतले (आत्यांसाठी म्हणून घेतलेला एक पुडा हावेरी यायच्या आत संपला, त्याबद्दल मी बोलणार नाही). दावणगेरेला बेण्णे दोसा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोणी इतकं, की खाऊन झाल्यावर अविनाशनं गाडी चालवायला माझ्याकडे दिली. चित्रदुर्गाच्या आसपास पवनचक्क्या दिसायला लागतात आणि रस्ता एकदम मोकळा होतो. तुमकूर सोडलं की मात्र मोकळेपणा संपला. शेवटच्या चाळीस किलोमीटरनं आमचा जीव काढला.

अण्णा दारातच होते, नाकाला नळी, पायाशी गुंडाळलेली वायर. "या, या, मेधा! स्वल्प उशीर झाला, सरी, चालायचंच," म्हणाले. (सरी म्हणजे बरं; त्यांचं कन्नड असं मध्येच डोकावतं.) एवढं बोलून त्यांना दम लागला. मला फार वाईट वाटलं. मी तिथल्या तिथे विषय काढला, "अण्णा, पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडे चला."

ते हसले. "उद्या तू आमचं काम बघ. मग बोल."

शनिवारी सकाळी समोरच्या घरातली मंजुळा मला घेऊन गेली. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्याशी हिंदीत बोलते. आम्ही चालत वरच्या तळ्याच्या बांधावर गेलो, तर तिथे पंधरा-वीस माणसं, स्टीलच्या डब्यांत इडली-वडा आणि चटणीची बादली. मला वाटलं, कुणाचा वाढदिवस. मंजुळा म्हणाली, पावसाच्या महिन्यांत दर शनिवारी असंच असतं. एका शनिवारी तळ्याच्या वरच्या अंगाच्या वसाहतीनं आणायचं, दुसऱ्या शनिवारी खालच्या, म्हणजे अण्णांच्या. वॉर्डाचा इंजिनिअर येतो, विजेचा लाइनमन येतो, दोघंही वडे मोजून खात नाहीत.

मी विचारलं, "हे कशाला? मीटिंग घ्या की सरळ."

"पाण्यात उभं राहून कुणाचा नंबर शोधणार?" ती म्हणाली. "आणि ज्याच्याबरोबर खाल्लंय, त्याचा फोन माणूस उचलतो."

मग तिनं खरी गंमत दाखवली. तळ्याला चाक फिरवून उघडायचं एक लोखंडी दार आहे. ते उघडलं की पाणी मोठ्या नाल्यातून खालच्या वसाहतीकडे जातं. पूर्वी वरचे लोक आपल्या तळघरातल्या गाड्या बुडतील म्हणून दार घाईनं उघडायचे आणि खालचे झोपेत भिजायचे. भांडणं झाली, पोलीस झाले, एकमेकांच्या सोयरिकी मोडेपर्यंत गोष्टी गेल्या. शेवटी इंजिनिअरनं दोघांना समोरासमोर बसवलं आणि ठरलं, की वरच्या दाराची किल्ली खालच्यांकडे राहील, आणि खालच्यांचा उपसा पंप वरच्यांकडे. दार उघडायचं तर खालचं माणूस वर जाऊन पाणी बघणार, पंप हवा तर वरच्यांना हाक मारणार. किल्ली मंजुळाच्या गळ्यात होती, मंगळसूत्राच्या शेजारी.

खरं सांगते, मी थक्क झाले. आमच्याकडे धरणाचं पाणी सोडल्याचं आम्हाला मोबाइलवर कळतं, तेही आधी कुणाच्या तरी मेहुण्याला.

परतताना तिनं शाळेच्या भिंतीवर लावलेली यादी दाखवली. पाणी रस्त्यावर चढलं की जीव जाऊ नये म्हणून लाइनमन वीज तोडतो; त्याआधी यादीतल्या घरांना चार्ज केलेल्या मोठ्या बॅटऱ्या पोचवायच्या. कुणाचं मशीन, कुणाची हवेची गादी, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. यादी कन्नडमध्ये, सुंदर अक्षरात. "अण्णांचं अक्षर," मंजुळा म्हणाली. "दर वर्षी घरोघर फोन करून तेच करतात." मला कन्नड वाचता येत नाही. मी फोटो काढला, तीनदा वा वा केलं आणि घरी आले. संध्याकाळी मी अविनाशला म्हणाले, "न्यायला नको त्यांना. इथे आपल्यापेक्षा बरं आहे." माझ्या तोंडून हे ऐकून त्यानं मला ताप आहे का, ते हात लावून बघितलं.

रविवारी तीनला आभाळ फाटलं. बेंगळुरूचा पाऊस सकाळी उन्हात बसवून दुपारी हिशेब करतो. चारपर्यंत नाला काठोकाठ, साडेचारला फाटकाबाहेर घोटाभर पाणी. मंजुळा रेनकोट घालून, पाणी बघून दार थोडं उघडायला तळ्याकडे गेली. गल्लीतल्या पोरी-बायका, पुरुष, सगळे आपापल्या कामाला लागले. ना आरडाओरडा, ना पळापळ. मी व्हरांड्यात उभी राहून चक्क फोटो काढत होते.

दोघंजण हातगाडीवर बॅटऱ्या घेऊन आले. पहिल्या घरी एक, तिसऱ्या घरी एक, चौथ्या घरी एक. आणि आमच्या फाटकावरून सरळ पुढे गेले.

"अहो! ओ भैया! इथे!" मी पाण्यात उतरून धावले.

त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेला यादीचा कागद मला दाखवला, पुन्हा वाचला. "मॅडम, ये घर लिस्ट में नहीं है."

"असं कसं नाही? यादी ज्यांनी केली त्यांचंच घर आहे हे!"

गाडीवर एकच बॅटरी उरली होती आणि ती शेवटच्या घरातल्या लहान बाळाच्या मशीनची होती. ती मागायला माझी जीभ रेटेना. तेवढ्यात गल्लीतले दिवे गेले.

घरात धावत आले. मशीनची घरघर बंद होऊन ते बारीक आवाजात बोंबलत होतं. अविनाशनं यूपीएसवर लावलं, पण त्याची बॅटरी म्हातारी झालेली. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. जास्तीचा सिलिंडर भरायला दिलेला, सोमवारी येणार होता. आत्या देवघराशी नाही, अण्णांच्या खुर्चीशी बसल्या आणि त्यांचा हात घट्ट धरला.

"तुमचं नाव का नाही?" त्यांनी विचारलं.

अण्णा नाकाची नळी सारखी करायला लागले.

"अहो, मी विचारते आहे!"

"यादी करणाऱ्यानं," ते थांबून थांबून म्हणाले, "स्वतःचं नाव... कसं लिहायचं? चारच बॅटऱ्या. लोक म्हणतील..."

"म्हणू देत ना लोक! मेलात तर लोक काय तुमचं अक्षर बघायला येतील?" आत्यांना रडू फुटलं. त्या इतक्या मोठ्यानं ओरडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

मी मंजुळाला फोन लावला. तिनं एवढंच विचारलं, "किती मिनिटं?" मी सांगितलं, वीस. तिकडून कन्नडमध्ये भराभर बोलणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "वरच्यांच्या सभागृहातली बॅटरी घेऊन ट्रॅक्टर निघतोय. पण नाल्याजवळ पाणी जास्त आहे, ट्रॅक्टर अडेल, म्हणून आम्ही दार बंद करतोय."

"मग वरचं पाणी?"

"त्यांच्या तळघरात जाईल. ते हो म्हणाले."

ज्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षं भांडले, त्या गाड्यांवर त्या लोकांनी पाणी घेतलं. बांधावर उभं राहून, एका फोनवर, मत न मागवता. इंजिनिअर तिथेच होता. त्यानं मोठ्या नाल्याच्या पुढच्या टप्प्यावरच्या लोकांना कळवलं, म्हणजे त्यांचाही गोंधळ नको. गल्लीतलं पाणी बोट बोट उतरताना मी फाटकाच्या गजावरून मोजत होते. अविनाश अण्णांना सांगत होता, "हळू श्वास घ्या, माझ्याबरोबर."

सतराव्या मिनिटाला ट्रॅक्टर वळला. लाइनमन स्वतः बॅटरी धरून ट्रॉलीत बसला होता. मशीन पुन्हा घरघरायला लागलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला तोंड करून रडले.

सोमवारी मंजुळा वही घेऊन आली. अण्णांनी पेनासाठी हात पुढे केला, तर तिनं वही मागे घेतली. "अण्णा, यापुढे कुणीही स्वतःच्या घराची ओळ लिहायची नाही. समोरच्या घरानं लिहायची. तुमची मी लिहिणार, माझी तुम्ही."

अण्णा फुगून बसले. मग म्हणाले, "सरी. पण अक्षर नीट काढ."

तिनं लिहिलं आणि आत्यांना वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीत. आत्या म्हणाल्या, "अजून एक लिही, यांना स्वतःहून मागता येत नाही." तिनं तेही लिहिलं. अण्णांना आम्ही आणलं नाही. सिलिंडर आला, यूपीएसची बॅटरी नवी बसवली, आणि मंगळवारी आम्ही दोघंच परत निघालो.

तुम्ही गेलात तर हेब्बाळचं तळं सकाळी बघा, बगळे छान दिसतात. पण कुणी ओळखीचं असेल तर एखाद्या वसाहतीची यादी बघायला मागा. त्या किल्ली-पंपाच्या अदलाबदलीपेक्षा मला तीच जास्त आठवते. यंत्रं, पैसे, अधिकारी आमच्याकडेही आहेत. खाल्लेल्या मिठाला जागून आपल्या गाड्या भिजवणारे शेजारी मात्र दर शनिवारी थोडे थोडे तयार करावे लागतात.

सांगलीत पोचल्यावर त्याच आठवड्यात मी समिती बोलावली, पोहे केले आणि नियम सांगितला: आपली ओळ समोरच्यानं लिहायची. सगळ्यांना पटला. मला तर फारच पटला, कारण माझा होता. आमची ओळ समोरच्या शिंदेवहिनींकडे गेली. त्या फारशा बोलत नाहीत, मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसतात. त्यांनी दहा मिनिटं लिहिलं आणि वही माझ्या हातात दिली.

"सासूबाई: जिना उतरत नाहीत, खुर्चीसकट उचलावं. अविनाशभाऊ: ठीक. मेधाताई: पोहता येत नाही, कुणाला सांगत नाहीत. भीती वाटली की जास्त हुकूम सोडतात. यांना आधी बोटीत बसवावं, म्हणजे बाकीचे बसतील."

मी वर बघितलं. वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. पेन माझ्या हातातच होतं, पण मी त्यातलं काहीही खोडलं नाही.